गिटारवरून सिंथ वाजवताना सूर तुटतात: जोड नेमकी कुठे निसटते?

लक्षण बहुतेकांचं सारखंच असतं. गिटारला हेक्स पिकअप (प्रत्येक तारेचा आवाज वेगळा उचलणारा) बसवला, सिंथवर म्हणजे सिंथेसायझरवर लीडचा किंवा बासरीचा पॅच (तयार आवाज) उघडला, एकेक सूर छेडून पाहिला तर सगळं जागच्या जागी. मग एकदाच छेडून पुढचे सूर डाव्या हाताने काढायला गेलं की प्रत्येक सूर ‘टॉक टॉक’ करत नव्याने सुरू होतो. नाहीतर मधलाच एखादा उतरलेला लागतो, किंवा शेवटचा येतच नाही. अँपमधून तोच तुकडा छान सलग ऐकू येत असतो, त्यामुळे चूक हाताची की यंत्राची हेही कळत नाही. गणपती-नवरात्रीच्या स्टेजवर बासरीचा तुकडा गिटारवाल्याच्या गळ्यात पडला की ही भानगड हमखास वर येते.

यावर पहिला उपाय म्हणून जवळपास सगळेच सिंथचं पोर्टामेंटो, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय, वाढवतात. सूर घरंगळायला लागतात, जोड बसल्यासारखी वाटते, आणि लय जरा वाढली की सगळं झिंगल्यासारखं होतं. पोर्टामेंटोला हात सगळ्यात शेवटी लावा. आधी बिघाड कुठे आहे ते शोधू.

कीबोर्डवाल्याला ही अडचण येत नाही. पहिली पट्टी दाबलेली असतानाच तो दुसरी दाबतो. मिडीत, म्हणजे वाद्यांच्या आपसातल्या संदेशांच्या भाषेत, दुसऱ्या सुराचा नोट ऑन (सूर सुरू झाल्याचा संदेश) आधी जातो, पहिल्याचा नोट ऑफ (सूर सुटल्याचा) मागून, आणि तेवढ्यावरून सिंथला कळतं की हे जोडून वाजवलंय. गिटारच्या एका तारेवर दोन सूर एका वेळी राहूच शकत नाहीत. तार पाचव्या फ्रेटवर वाजेल, नाहीतर सातव्या. त्यामुळे तारेचा सूर ओळखून त्याचे मिडी संदेश करणाऱ्या कन्व्हर्टरपुढे दोनच वाटा उरतात. चालू सूर तसाच ठेवून पिच बेंडने (वाजता सूर वरखाली सरकवणाऱ्या संदेशाने) त्याला वर न्यायचं, किंवा चालू सूर बंद करून नवा नोट ऑन पाठवायचा. पहिल्या वाटेने गेलं तर मींड, खटका, बोटाचा कंप सगळं शाबूत राहतं, पण सिंथच्या लेखी सूर शेवटपर्यंत एकच असतो. दुसऱ्या वाटेने प्रत्येक सूर आपापल्या जागी चोख लागतो, पण जोड सिंथने बसवावी लागते.

जोड बेंडने सांभाळायची की नोटने, हे प्रत्येक पॅचसाठी आधी ठरवावं लागतं. अर्धी बेंडकडे आणि अर्धी नोटकडे अशी वाटणी झाली की जे काही ऐकू येतं, त्यालाच आपल्याकडे ‘ट्रॅकिंग खराब आहे’ म्हणतात.

आधी पाच मिनिटांची चाचणी

तिसरी तार, म्हणजे जी. पाचवा फ्रेट सी, त्याला सा धरा. सातवा रे, नववा ग. पाचव्यावर एकदाच छेडा, सातव्यावर आणि नवव्यावर हॅमर-ऑन (न छेडता बोट आपटून), परत येताना सातव्यावर आणि पाचव्यावर पुल-ऑफ (बोट ओढून काढत). सा रे ग रे सा, छेड एकच. मेट्रोनोम ८० वर, ठोक्याला दोन सूर.

हे वाजवताना कान बाजूला ठेवून मिडी मॉनिटर पाहा. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर नावाचंच छोटं सॉफ्टवेअर, आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर रीकंट्रोलमिडीची लॉग खिडकी. तिन्ही फुकट किंवा हाताशी असलेल्या गोष्टी आहेत. एवढं पाहिल्याशिवाय एकही खुंटी फिरवू नका.

पडद्यावर नोट ऑन ६० (हा त्या सी चा मिडी क्रमांक) एकदाच आला, मग बेंडच्या आकड्यांची रांग आणि शेवटी एकच नोट ऑफ, तर कन्व्हर्टर बेंडच्या वाटेने चाललाय. पाच नोट ऑन दिसले, म्हणजे ६०, ६२, ६४, ६२, ६०, तर तो नोटच्या वाटेने चाललाय. हे दोन्ही निरोगी आहेत. बिघडलेलं चित्र वेगळं दिसतं: ६० वाजतो, रे पर्यंत बेंड १६३८३ ला, म्हणजे वरच्या टोकाला, जाऊन थडकतो, मग नोट ऑफ, बेंड परत मध्यावर ८१९२, आणि एकदम नोट ऑन ६४. सा-रे सलग, आणि ‘ग’वर नेमका टॉक. ही वर म्हटलेली अर्धी-अर्धी वाटणी, आणि तिचं कारण जवळपास नेहमी बेंड रेंज हेच असतं.

बेंड रेंज: निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात

पिच बेंडचा संदेश १४ बिटांचा असतो. ० ते १६३८३, मधला बिंदू ८१९२. हा आकडा म्हणजे किती सूर, हे त्या संदेशात लिहिलेलंच नसतं. ते कन्व्हर्टरने आपल्या मनाशी ठरवलेलं असतं आणि सिंथने आपल्या. बहुतेक सिंथ सुरुवातीला ±२ अर्धस्वरांवर असतात. गिटार कन्व्हर्टरला ±१२ किंवा ±२४ हवं असतं.

हिशेब करून पाहा. कन्व्हर्टर ±२४ वर आणि सिंथ ±२ वर असेल, तर सा वरून रे ला गेल्यावर कन्व्हर्टर बेंडचा बारावा हिस्सा पाठवतो. सिंथ आपल्या दोन अर्धस्वरांचा बारावा हिस्सा घेतो, म्हणजे साधारण १७ सेंट (एका अर्धस्वराचे शंभर सेंट). रे लागतच नाही, सा नुसता किंचित चढा होतो. उलट कन्व्हर्टर ±२ वर आणि सिंथ ±२४ वर असेल तर रे च्या जागी दोन सप्तकं वरचा सा किंचाळतो. दोन्ही ±२ वर ठेवले तर आकडे जुळतात, पण ‘ग’ चार अर्धस्वर दूर असल्यामुळे बेंडमध्ये मावत नाही आणि कन्व्हर्टरला नवा सूर छेडावा लागतो. तोच वरचा टॉक.

म्हणून दोन्हीकडे ±१२ ठेवा. एका तारेवर डाव्या हाताने एका दमात एक सप्तक पार करणारे तुकडे क्वचितच असतात, त्यामुळे १२ पुरतं. स्लाइडने लांब मींड घेणाऱ्यांनी २४. तपासायची पद्धत सोपी आहे: पाचव्या फ्रेटवर छेडून सातव्यावर हॅमर करा, मग सातव्यावर थेट छेडा. दोन्ही रे तंतोतंत सारखे लागले पाहिजेत. मग उघडी जी छेडून बाराव्या फ्रेटपर्यंत स्लाइड करा आणि बारावा फ्रेट सरळ छेडून ताडून पाहा.

यात तीन खाचखळगे आहेत.

सहा तारा सहा चॅनलवर जात असतील, तर सिंथमध्ये सहाही चॅनलची रेंज बदलावी लागते. हार्डवेअर मॉड्यूलवर लोक पहिल्या भागाची बदलतात आणि उठतात. मग ‘एकच तार सुरात आहे, बाकीच्या पाच येड्यासारख्या वाजतात’ अशी तक्रार येते. मेनूत पर्याय सापडत नसेल तर प्रत्येक चॅनलवर हे तीन संदेश क्रमाने पाठवा: कंट्रोलर १०१ ला ०, कंट्रोलर १०० ला ०, कंट्रोलर ६ ला १२.

एमपीई पद्धतीच्या (प्रत्येक सुराला स्वतंत्र चॅनल देणाऱ्या) सिंथमध्ये सुरांच्या चॅनलची रेंज सुरुवातीला ±४८ असते, आणि नेहमीच्या मांडणीत चॅनल १ हा सगळ्यांचा सामाईक असतो. कन्व्हर्टरने पहिली तार चॅनल १ वर पाठवली तर तिच्यावर मींड घेताच बाकीचे वाजते सूरही सोबत सरकतात. तारा २ ते ७ या चॅनलवर न्या, दोन्हीकडे रेंज एकच ठेवा, काम झालं.

तिसरी खाच कमी आढळते, पण सापडता सापडत नाही. मधलं एखादं सॉफ्टवेअर किंवा जुना इंटरफेस बेंडचे १४ बिट कापून ७ करतो. मग ±२४ च्या रेंजमध्ये एक पायरी साडेसदतीस सेंटची पडते, आणि मींड जिन्यावरून उतरल्यासारखी ऐकू येते. मॉनिटरमध्ये बेंडचे आकडे १२८ च्या उड्यांनी बदलताना दिसले तर समजा.

बेंडने जोडायचं ठरवलं तर

कन्व्हर्टरमध्ये बेंड चालू, क्रोमॅटिक बंद. रोलंडच्या जातीच्या यंत्रांत ‘क्रोमॅटिक’ चालू केलं की सूर अर्धस्वरांच्या पायऱ्यांनीच बदलतो. फिशमनच्या ट्रिपलप्लेत ऑटो, स्मूद, स्टेप्ड आणि ट्रिगर असे पर्याय आहेत. मींडेसाठी स्मूद. स्टेप्डमध्येही बेंडच जातो, पण पायऱ्यापायऱ्यांनी, म्हणून चलाख तानांना तो जास्त स्वच्छ. ऑटो घरी ठीक, स्टेजवर तो कधी काय ठरवेल याचा नेम नाही. आमचं मत असं की तो बंदच ठेवावा.

सिंथवर प्रत्येक चॅनलला एकच आवाज, म्हणजे मोनो. पोर्टामेंटो शून्य. इथे पोर्टामेंटो ठेवलं तर सूर दोनदा घसरतो, एकदा तारेमुळे आणि एकदा सिंथमुळे.

आता एक बारीक गोष्ट, जी बहुतेक ठिकाणी सांगितली जात नाही. समजा सा वर छेडून रे वर हॅमर केलं, थांबलात आणि पुढचा ग छेडून घेतलात. कन्व्हर्टर काय पाठवतो पाहा: नोट ऑफ ६०, बेंड परत ८१९२, नोट ऑन ६४. पॅचचा रिलीज, म्हणजे सूर सुटल्यावर आवाज विरायला लागणारा वेळ, ४०० मिलिसेकंदांचा असेल आणि सिंथ पॉली (एका वेळी अनेक सूर वाजवणारा) असेल, तर मागे रेंगाळणारी रे ची शेपटी त्याच चॅनलवर असते. बेंड मध्यावर आला की ती शेपटी रे वरून सा वर आपटते. नवीन सुराच्या मुळाशी एक ‘ट्वँव’ ऐकू येतो आणि माणूस पिकअप बदलायला निघतो. उपाय एवढाच की बेंडच्या पॅचमध्ये रिलीज ६० ते ८० मिलिसेकंदांवर आणा आणि शेपटी रिव्हर्बला द्या. रिव्हर्बमध्ये गेलेला आवाज बेंडने हलत नाही.

बासरी-व्हायोलिनचे सॅम्पल बेंडने फार दूर नेऊ नका. ६० क्रमांकाचं सॅम्पल सात-आठ अर्धस्वर वर ताणलं की ते पिपाणीसारखं पातळ होतं. चार-पाचपर्यंत खपून जातं. सॉ किंवा स्क्वेअर लहरींच्या साध्या सिंथला हा त्रास नाही, म्हणून बेंडची जोड त्यांच्यावरच जास्त शोभते.

नोटने जोडायचं ठरवलं तर

इथे कन्व्हर्टर ट्रिगर किंवा क्रोमॅटिकवर, बेंड बंद, आणि सगळ्या तारा एकाच चॅनलवर. सिंथ मोनो, लेगाटो (जोडून आलेला सूर नव्याने न छेडण्याची सोय) चालू. सर्ज एक्सटीमध्ये मोनोच्या पर्यायांत सिंगल ट्रिगर आणि फिंगर्ड पोर्टामेंटो (सूर एकावर एक पडले तरच लागणारं) एकत्र असलेला पर्याय घ्या. व्हायटलमध्ये व्हॉइस १ करून लेगाटो लावा, सीरममध्ये मोनो आणि लेगाटो दोन्ही बटणं दाबा. सर्ज आणि व्हायटल फुकटात मिळतात, शिकायला तेवढे पुरेत.

एवढं करूनही एका तारेवरचे सूर टॉक करत राहतात, आणि इथेच लोक हात टेकतात. कारण मॉनिटरमध्ये दिसतं: नोट ऑफ ६० आधी, नोट ऑन ६२ नंतर. दोन्हींत मिलिसेकंदाचंही अंतर नसेल, पण क्रम उलटा आहे. सिंथच्या दृष्टीने पट्टी सुटली आणि मग दुसरी दाबली गेली. लेगाटोची अटच पुरी झाली नाही.

यावर दोन इलाज. पहिला एन्व्हलपचा, म्हणजे आवाज कसा चढतो-उतरतो त्या आखणीचा. साधारण मोनो सिंथमध्ये पुन्हा छेडल्यावर एन्व्हलप शून्यापासून न निघता आहे त्या पातळीवरून वर चढतो. रिलीज १५० ते २०० मिलिसेकंद ठेवला तर मधल्या क्षणात पातळी खाली पडतच नाही. अटॅक, म्हणजे चढायचा वेळ, ८ ते १५ मिलिसेकंद. टॉक विरून जातो. बेंडच्या पॅचमध्ये रिलीज आखूड सांगितला आणि इथे लांब सांगतोय, हे ध्यानात घ्या. एकच पॅच दोन्ही कामांना जुंपता येत नाही तो यामुळेच. फिल्टरला वेगळा एन्व्हलप असेल तर त्यालाही हेच आकडे द्या. आवाज सलग आणि फिल्टर मात्र दर सुराला ‘वाव वाव’ करतोय, हा प्रकार फार दिसतो.

दुसरा इलाज नोट ऑफ ३० ते ५० मिलिसेकंद उशिरा पोचवण्याचा. रीपरमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहून हे होतं. पण एक फास आहे. तोच सूर लगेच परत छेडला तर मागे ठेवलेला जुना नोट ऑफ येऊन नव्या सुराचा गळा धरतो. स्क्रिप्टमध्ये अट हवी: त्याच क्रमांकाचा नोट ऑन आला की वाट पाहणारा नोट ऑफ रद्द.

व्हेलॉसिटीकडे, म्हणजे सूर किती जोरात गेला त्या आकड्याकडे, पाहा. छेडलेला सूर ९५ ने जातो, हॅमरचा ४० ने. पॅच व्हेलॉसिटीला फार ऐकत असेल तर सा दणक्यात आणि रे-ग कुजबुजत येतात. सूर जोडलेले असूनही कानाला तुटकच वाटतात. आवाजावरचा व्हेलॉसिटीचा परिणाम २०-३० टक्क्यांवर आणा.

आणि आता पोर्टामेंटो. फक्त नोटच्या वाटेत, फक्त फिंगर्ड, २५ ते ४० मिलिसेकंद. वरच्या एन्व्हलपच्या इलाजाने सूर एकावर एक पडत नाहीत, म्हणून एका तारेवर फिंगर्ड पोर्टामेंटो जागंच होणार नाही. ते हवं असेल तर दुसरा इलाज घ्यावा लागतो, किंवा तार बदलताना वापरावं लागतं.

तार बदलताना

तिसऱ्या तारेच्या नवव्या फ्रेटवर ग, दुसऱ्या तारेच्या सहाव्यावर म. इथे गिटार प्रथमच कीबोर्डसारखी वागते, कारण दोन तारा खरोखर एकदम वाजू शकतात. म छेडल्यावर ग चं बोट ३०-४० मिलिसेकंदांनी सैल करा. मोजत बसायचं नाही. म कानावर पडला की बोट सोडायचं. हे फक्त एकाच चॅनलवर, मोनो सिंथवर चालतं. सहा चॅनलच्या मांडणीत प्रत्येक तार स्वतंत्र वाद्य असते, एका तारेवरून दुसरीवर घरंगळणं तिथे शक्यच नाही.

बोट सोडायला विसरलात तर नवी गंमत. म बंद केल्यावर तिसरी तार अजून घुमत असते, आणि शेवटच्या सुराला प्राधान्य देणारा सिंथ म सुटताच परत ग वर उडी मारतो. उघड्या तारा घुमत असल्या तर तो उघड्या जी वर किंवा ई वर जातो. ‘मध्येच भुतासारखा खालचा सूर येतो’ ही तक्रार बहुधा हीच असते. नटापाशी, पहिल्या फ्रेटच्या मागे, केसांचा जाड कापडी रबर गुंडाळा. दहा रुपयांत काम होतं. उघड्या तारेचा सूर मुद्दाम हवा असेल तेव्हा तो नटाच्या मागे सरकवायचा.

तारेकडचे बिघाड

मॉनिटरमध्ये न वाजवलेले सूर दिसत असतील, तर सेटिंग सोडा आणि गिटार हातात घ्या.

ओळखायला वेळ किती लागतो हे सुरावर ठरतं. उघड्या खालच्या ई ची कंपनं सेकंदाला ८२.४, म्हणजे एक फेरी १२ मिलिसेकंदांची. वरच्या ई ची फेरी ३ मिलिसेकंदांची. कन्व्हर्टरला सूर ओळखायला एक-दोन फेऱ्या तरी पाहाव्या लागतात. हॅमरच्या क्षणी तार फ्रेटवर आपटते, बोटाच्या मागचा तुकडाही क्षणभर वाजतो, आणि तेवढ्यापुरती फेरी नीट राहतच नाही. जाड तारेवर हा गोंधळ जास्त लांबतो. म्हणून चलाख जोडीचे तुकडे एक सप्तक वर वाजवा आणि सिंथला −१२ ट्रान्सपोज द्या. पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या सी ची फेरी ७.६ मिलिसेकंद, तिसऱ्या तारेच्या पाचव्यावरची ३.८. निम्मा वेळ वाचला.

पिकअपची उंची: शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरल्यावर तार आणि हेक्स पिकअप यांत साधारण १ मिलिमीटर. दोन्ही टोकांना मोजा. पिकअप जितका ब्रिजजवळ तितका बरा. मग प्रत्येक तारेची सेन्सिटिव्हिटी वेगळी लावा: जोरात छेडल्यावर मीटर वरच्या टोकाला जेमतेम टेकला पाहिजे. फार कमी ठेवली तर हॅमरचा हलका सूर पोचतच नाही आणि मध्येच नोट ऑफ येतो. फार वाढवली तर बोट उचलल्याचा खरखराटही सूर म्हणून जातो.

अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खूप खाली असलेली गिटार हाताला गोड लागते, पण तार फ्रेटला चाटते आणि कन्व्हर्टर बिचकतो. बाराव्या फ्रेटवर खालच्या ई ला १.८ ते २ मिलिमीटर आणि वरच्या ई ला १.५ इथे जोड चांगली बसते. नेकचा बाक पाहायला पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबा, सातव्या-आठव्याशी ०.२ ते ०.२५ मिलिमीटर फट असावी. हे जूनमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा तपासाच. ठाणे खाडीच्या दोन्ही बाजूंना पावसाळ्यातली हवा नेकला गप्प बसू देत नाही, आणि साध्या तारांना आठवडाभरात काळपट खरखरीत थर चढतो. गंजलेल्या तारेवर पुल-ऑफ केला की सुराआधी खरवड जाते, आणि तीही सूर म्हणून वाचली जाते. या चार महिन्यांत कोटिंगवाल्या तारा परवडतात.

नेहमीच्या पिकअपवरून सूर ओळखणारं सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ जॅम ओरिजिनचं मिडी गिटार, वापरत असाल तर विजेकडेही पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग नीट नसलेल्या जुन्या इमारतीत, दोन पिनच्या लॅपटॉप चार्जरवर, सिंगल कॉइल पिकअपमध्ये जी घरघर येते तिच्यात १०० आणि १५० हर्ट्झ भरपूर असतात. १०० हर्ट्झ म्हणजे खालच्या ई च्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी, फक्त ३५ सेंट चढा. १५० म्हणजे उघडा डी, ३७ सेंट चढा. मॉनिटरमध्ये ४३ किंवा ५० क्रमांकाची नोट कोणी न वाजवता लुकलुकत असेल तर हात स्वच्छ आहेत, दोष घरघरीचा आहे. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. नोट गेली तर इंटरफेसला चांगल्या अर्थिंगचा पॉइंट शोधून द्या. तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. मांडवात धातूच्या तारांना हात लावून उभं राहायचंय. आणि या सॉफ्टवेअरच्या आधी कॉम्प्रेसर किंवा डिस्टॉर्शन लावू नका, त्याला कोरा सिग्नलच लागतो.

उशीर

४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पलचा बफर (संगणक आवाज ज्या तुकड्यांत साठवून पुढे देतो तो) १.३ मिलिसेकंद, १२८ चा २.७, २५६ चा ५.३, ५१२ चा १०.७, आणि हा एका दिशेचा हिशेब. १२८ पर्यंत राहा. ब्लूटूथ हेडफोनवर सराव करणाऱ्याने लेटन्सीची तक्रार करू नये. जुन्या पाच पिनच्या मिडी केबलवर एक नोट ऑन जायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. सहा तारांची कॉर्ड म्हणजे सहा, त्यात बेंडची गर्दी वेगळी. शक्य तिथे यूएसबी.

सॅम्पल केलेल्या व्हायोलिन-बासरीच्या काही लायब्ररींत एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याचा क्षणही रेकॉर्ड केलेला असतो. त्यांना एकावर एक पडणाऱ्या नोटच लागतात, बेंड कामाचा नाही, आणि त्या जोडीला स्वतःचाच वेळ लागतो. चलाख तानांसाठी त्या घेऊ नका, विलंबित आलापीला छान.

मिडीच नको असेल तर तीही सोय आहे. रोलंडचा १९८० चा जीआर-३०० तारेच्या कंपनांवरूनच थेट आवाज घडवायचा, मिडी तेव्हा यायची होती. पॅट मेथेनीचा तो ओळखीचा तुतारीसारखा आवाज त्याच यंत्राचा. बॉसच्या एसवाय-१००० मध्ये त्याची नक्कल आहे. तिथे नोट ऑन-ऑफचा प्रश्नच नाही, तार जशी जोडून वाजते तसाच सिंथ. बासरीचं सॅम्पल मात्र त्यातून निघणार नाही.

स्टेजवर

ठाण्याचं गडकरी रंगायतन असो की वाशीचं भावे नाट्यगृह, बाहेरच्या दमट हवेतून एसीत गिटार नेली की तारा चढतात-उतरतात. पेटी उघडून वीस मिनिटं तशीच ठेवा, मग सुरात लावा, मग सेन्सिटिव्हिटी पाहा. क्रम उलटा केला तर दोन्ही परत करावं लागतं. पॅच दोन ठेवा, एक बेंडचा, एक नोटचा, शेजारशेजारच्या पेडलवर, आणि सा रे ग रे सा दोन्हींवर एकदा वाजवून घ्या.

घरी नीट चाललेली एकच तार स्टेजवर मध्येच गप्प होत असेल, तर मेनूत शिरू नका. हेक्स पिकअपला लागणाऱ्या रोलंडच्या जुन्या जीके केबलच्या तेरा पिनांपैकी १ ते ६ प्रत्येकी एका तारेच्या आहेत, म्हणून एक पिन सैल झाली की एकच तार जाते. लोकलच्या गर्दीत पिशवीत दुमडलेल्या केबलचं हे नेहमीचं दुखणं. प्लगपाशी केबल हळूच हलवत ती तार छेडत राहा. सूर येतो-जातो झालं की सापडलं. मल्टिमीटर असेल तर दोन्ही टोकांच्या त्याच क्रमांकाच्या पिनांत सलगता मोजा, केबल हलवत असतानाच. गिटारकडचं टोक पट्ट्यातून एकदा ओवून घेतलं तर प्लगवर केबलचं वजन येत नाही.